आहारातील तेल-तूप आणि यकृतातील जनुकांची अभिव्यक्ती

प्रस्तावना

मराठीत ज्याला यकृत म्हणतात त्याला उर्दू-फारसीत जिगर म्हणतात. संस्कृतमधील यकृत आणि फारसीतील जिगर हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन मूळ शब्दापासून निघालेले आहेत, असे भाषाशास्त्र सांगते. खाटकाच्या दुकानात हाच अवयव कलेजी या नावाने विकला जातो. युनानी वैद्यकात इब्न सीना यांनी हृदय व मेंदू यांच्या जोडीने जिगरची गणना प्रमुख अवयवांत केली. खाल्लेल्या अन्नाचे शरीराला उपयोगी पडेल असे रूपांतर जिगरमध्ये होते, अशी त्या वैद्यकाची धारणा होती. आधुनिक शरीरशास्त्रातही यकृताचे मुख्य काम हेच मानले जाते. मात्र हे रूपांतर यकृत कसे घडवून आणते आणि त्यात आपल्या ताटातील तेल-तुपाचा काय वाटा असतो, याचा उलगडा गेल्या साठ वर्षांत होत गेला आहे.

आदिलाबाद जिल्ह्यातील बेला हे मंडलाचे गाव पैनगंगेच्या अलीकडे आहे आणि नदीपलीकडे महाराष्ट्राचा यवतमाळ जिल्हा आहे. या भागात मराठी, तेलुगू, उर्दू आणि गोंडी या भाषा शेजारी शेजारी बोलल्या जातात. काळ्या जमिनीत कापूस, सोयाबीन, तूर ही पिके होतात. म्हणजे सरकी आणि सोयाबीन ही तेल देणारी दोन पिके डोळ्यांसमोर शेतात उभी असतात. तरीही घरात येणारे तेल बहुधा दुकानातील पिशवीतून किंवा पत्र्याच्या डब्यातून येते. ते कोणते आणि किती वापरावे, याचा निर्णय भाव आणि जाहिरात यांवर होतो. आरोग्याचा विचार झालाच, तर 'तेलाने चरबी वाढते' इतक्यावरच थांबतो.

प्रस्तुत लेखात या समजुतीपलीकडची एक गोष्ट स्पष्ट करण्याचा प्रयत्न आहे. आहारातील स्निग्ध पदार्थ शरीराला ऊर्जा देतात, हे खरेच. त्याबरोबरच ते यकृतातील जनुकांना संदेशही देतात. कोणते विकर, म्हणजे एन्झाइम, जास्त तयार करायचे आणि कोणते कमी, हे काही अंशी त्या संदेशावर ठरते. विज्ञानाच्या प्राध्यापकांना यातील काही भाग परिचित असेल. भाषा, समाजशास्त्र, वाणिज्य शिकवणाऱ्यांनाही तो समजावा अशा रीतीने येथे मांडणी केली आहे, कारण विद्यार्थ्यांचे आहाराविषयीचे प्रश्न केवळ विज्ञानाच्या तासालाच येतात असे नाही.

जनुक आणि जनुकाची अभिव्यक्ती

'आमच्या घराण्यातच साखर आहे' किंवा 'हे रक्तातच आहे' अशी वाक्ये आपण नेहमी ऐकतो. त्यामागे जनुक म्हणजे न बदलणारे नशीब, अशी कल्पना असते. ती अर्धीच खरी आहे.

माणसाच्या बहुतेक सर्व पेशींच्या केंद्रकात डीएनए असतो. त्यात प्रथिने तयार करण्याच्या सुमारे २०,००० कृती लिहिलेल्या असतात. यातील प्रत्येक कृती म्हणजे एक जनुक. डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत हा संग्रह एकसारखाच असतो. तरीही डोळा पाहतो आणि यकृत पित्त बनवते, कारण प्रत्येक पेशी त्यातील निवडक कृतीच उघडते. एखाद्या जनुकाची नक्कल संदेशवाहक आरएनएच्या रूपाने निघते आणि त्या नकलेवरून प्रथिन तयार होते. या सर्व प्रक्रियेला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. नकला जास्त निघाल्या तर प्रथिन जास्त बनते, कमी निघाल्या तर कमी.

विकर हीदेखील प्रथिनेच होत. पेशीतील प्रत्येक रासायनिक क्रियेला वेग देण्याचे काम ती करतात. म्हणून एखाद्या विकराच्या जनुकाची अभिव्यक्ती वाढली की ती क्रिया करण्याची पेशीची क्षमता वाढते. डीएनएमधील मजकूर आई-वडिलांकडून येतो आणि सहसा जन्मभर तोच राहतो. त्या मजकुराचे वाचन मात्र उपाशीपोटी वेगळे असते आणि जेवणानंतर काही तासांत बदलते. वारसा आणि अभिव्यक्ती यांतील हा फरक पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. रक्त तपासणीच्या अहवालात 'लिव्हर एन्झाइम वाढले' असे लिहिलेले असते, तेव्हा एसजीपीटी, एसजीओटी यांसारखी विकरे यकृताच्या इजा झालेल्या पेशींतून रक्तात गळत आहेत, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ असतो. या लेखात चर्चा आहे ती यकृताच्या पेशीच्या आत राहून चरबी बनवणाऱ्या, बदलणाऱ्या आणि जाळणाऱ्या विकरांची. या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये.

तेल-तुपातील मेदाम्ले

सर्व तेले व तुपे मुख्यतः मेदाम्लांची बनलेली असतात. मेदाम्ल म्हणजे कार्बन अणूंची साखळी. साखळीतील कार्बन अणूंमध्ये दुहेरी बंध नसेल तर ते संपृक्त मेदाम्ल होय. एक दुहेरी बंध असेल तर एकल-असंपृक्त आणि दोन किंवा अधिक असतील तर बहु-असंपृक्त. तुपात, नारळाच्या तेलात आणि पाम तेलात संपृक्त मेदाम्ले बरीच असतात. पामोलीनमध्ये पामिटिक या संपृक्त आम्लाचे प्रमाण सुमारे ४० टक्के असते. शेंगदाण्याच्या तेलात एकल-असंपृक्त ओलिक आम्ल भरपूर असते.

बहु-असंपृक्त मेदाम्लांचे दोन गट महत्त्वाचे आहेत. ओमेगा-६ गटातील मुख्य आम्ल लिनोलिक. करडईच्या तेलात ते सुमारे ७५ टक्के, तर सोयाबीन व सरकीच्या तेलात सुमारे ५० टक्के असते. ओमेगा-३ गटातील मुख्य आम्ल अल्फा-लिनोलेनिक. जवसाच्या तेलात ते निम्म्याच्या आसपास, सोयाबीनच्या तेलात सुमारे ७ टक्के आणि सरकीच्या तेलात जवळजवळ नसतेच. ही दोन्ही आम्ले माणसाच्या शरीरात तयार होत नाहीत, ती अन्नातूनच घ्यावी लागतात. आहारातील चरबी पूर्णपणे काढून टाकलेले उंदीर आजारी पडतात, त्यांची वाढ खुंटते आणि कातडी खवल्यांसारखी होते, हे जॉर्ज व मिल्ड्रेड बर या पती-पत्नींनी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९२९ व १९३० साली दाखवून दिले. चरबी ही केवळ ऊर्जेसाठी नसते, याचा तो पहिला ठोस पुरावा होता.

उपाशीपोटी वाजणारी घंटा

मेदाम्ल जनुकापर्यंत कसे पोहोचते? याचे एक उत्तर १९९० साली मिळाले. इंग्लंडमधील इसमान व ग्रीन या संशोधकांनी उंदराच्या यकृतात एक ग्राही प्रथिन शोधले. पेरॉक्सिसोम प्रोलिफरेटर-ॲक्टिव्हेटेड रिसेप्टर अल्फा असे त्याचे लांबलचक नाव आहे. पुढे ते पीपीएआर-अल्फा या संक्षिप्त रूपाने रूढ झाले. दोन वर्षांतच, १९९२ मध्ये, मेदाम्ले या ग्राहीला जागृत करतात असे दिसून आले.

याचे कार्य पुढीलप्रमाणे चालते. मेदाम्ल पेशीत शिरते आणि या ग्राहीला चिकटते. ग्राहीचा आकार किंचित बदलतो. तो एका जोडीदार प्रथिनासह डीएनएवरील ठराविक जागी बसतो आणि शेजारच्या जनुकाच्या नकला निघू लागतात. ही जनुके प्रामुख्याने चरबी जाळणाऱ्या विकरांची असतात. मेदाम्लांना पेशीच्या ऊर्जाघरात, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, नेणारे विकर, त्यांचे तुकडे करणारी विकरे आणि त्या तुकड्यांपासून कीटोन बनवणारे विकर ही त्यातील ठळक उदाहरणे होत.

उपवासाच्या काळात या यंत्रणेचे महत्त्व विशेष दिसते. एकादशीचा उपवास असो की रमजानचा रोजा, काही तास अन्न मिळाले नाही की शरीरातील साठवलेली चरबी विरघळून मेदाम्ले यकृताकडे येऊ लागतात. ती जळतात आणि स्वतःला जाळण्याची सामग्री वाढवण्याचा संदेशही देतात. पीपीएआर-अल्फाचे जनुक काढून टाकलेले उंदीर उपाशी ठेवले असता त्यांच्या यकृतात चरबी साचली आणि रक्तातील साखर घसरली, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. रक्तातील ट्रायग्लिसराइड कमी करण्यासाठी डॉक्टर देतात ती फेनोफायब्रेटसारखी औषधेही याच ग्राहीमार्फत काम करतात.

उपवास सोडताना साबुदाण्याची खिचडी, तळलेली भजी आणि गोड सरबत यांचा मारा झाला, तर हा संदेश काही वेळातच उलटतो. तो कसा, हे पुढील भागात पाहू.

चरबी बनवण्याचा आदेश आणि त्याला लागणारा लगाम

गरजेपेक्षा जास्त साखर किंवा पिष्ट खाल्ले तर यकृत त्यापासून चरबी बनवते. हे काम करणाऱ्या विकरांच्या जनुकांवर एसआरईबीपी-१सी नावाच्या प्रथिनाचे नियंत्रण असते. या कुळातील प्रथिनांचा शोध १९९३ च्या सुमारास अमेरिकेतील डॅलस येथे मायकेल ब्राऊन व जोसेफ गोल्डस्टीन यांच्या प्रयोगशाळेत लागला. कोलेस्टेरॉलवरील संशोधनासाठी १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळालेले हेच ते दोघे.

हे प्रथिन पेशीतील एका पडद्याला बांधलेले असते. जेवणानंतर इन्सुलिन वाढले की त्याचे उत्पादन वाढते, त्याचा पुढचा तुकडा कापून मोकळा होतो आणि केंद्रकात जातो. तेथे तो मेदाम्ले बनवणाऱ्या सर्व विकरांच्या जनुकांना एकाच वेळी चालना देतो. ग्लुकोज वाढल्यावर असाच आदेश देणारे सीएचआरईबीपी नावाचे दुसरे प्रथिन २००१ साली सापडले. दोन्ही मिळून यकृताला चरबी बनवायला लावतात.

या आदेशाला लगाम घालण्याचे काम बहु-असंपृक्त मेदाम्ले करतात. १९६५ साली ऑलमन व गिब्सन यांनी चरबीविरहित आहारावर ठेवलेल्या उंदरांना थोडे लिनोलिक आम्ल दिले, तेव्हा त्यांच्या यकृतातील चरबी बनवण्याची क्रिया मंदावली. असे का घडले याचे उत्तर नव्वदच्या दशकात मिळाले. बहु-असंपृक्त मेदाम्ले एसआरईबीपी-१सीच्या जनुकाच्या नकला कमी करतात, निघालेल्या नकला लवकर नष्ट करवतात आणि प्रथिनाचा तुकडा मोकळा होण्याच्या क्रियेतही अडथळा आणतात. सीएचआरईबीपीलाही ती केंद्रकात जाण्यापासून रोखतात. म्हणजे एकच मेदाम्ल एकीकडे चरबी जाळणारी जनुके जागी करते आणि दुसरीकडे चरबी बनवणारी जनुके शांत करते. ओमेगा-३ गटातील, विशेषतः माशांच्या तेलातील लांब साखळीची मेदाम्ले हे काम अधिक प्रभावीपणे करतात.

संपृक्त मेदाम्लांकडून असा लगाम लागत नाही. २००५ साली 'सेल' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संपृक्त चरबी दिलेल्या उंदरांच्या यकृतात पीजीसी-१ बीटा हे सहायक प्रथिन वाढले. एसआरईबीपीला बळ देऊन त्याने रक्तातील चरबी वाढवली. याशिवाय संपृक्त मेदाम्लांमुळे यकृतातील एलडीएल ग्राहींचे काम मंदावते. रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल उचलून नेण्याचे काम हेच ग्राही करतात. ते मंदावले की कोलेस्टेरॉल रक्तातच रेंगाळते.

येथपर्यंतचे बरेच पुरावे उंदरांवरील प्रयोगांचे आहेत, हे लक्षात ठेवले पाहिजे. निरोगी माणसाच्या यकृताचा तुकडा काढून जनुके तपासणे सहसा शक्य नसते. परंतु यकृतातील चरबी एमआरआयसारख्या साधनांनी मोजता येते. फिनलंडमध्ये झालेला आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास त्या दृष्टीने बोलका आहे. वजन जास्त असलेल्या ३८ व्यक्तींना तीन आठवडे रोज १००० कॅलरी जादा अन्न देण्यात आले. एका गटाला ते संपृक्त चरबीतून, दुसऱ्याला असंपृक्त चरबीतून आणि तिसऱ्याला साखरेतून मिळाले. यकृतातील चरबी पहिल्या गटात ५५ टक्के, दुसऱ्यात १५ टक्के आणि तिसऱ्यात ३३ टक्के वाढली. जादा कॅलरी तेवढ्याच होत्या, परिणाम वेगळा झाला. चरबी तिन्ही गटांत वाढली, हेही तितकेच महत्त्वाचे. तेल कितीही चांगले असले तरी अतिरेक हा अतिरेकच.

हैदराबादची प्रयोगशाळा

या विषयात आपल्याच राज्याच्या राजधानीत महत्त्वाचे काम झाले आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेची सुरुवात १९१८ साली कुन्नूर येथे झाली आणि १९५८ मध्ये ती हैदराबादला आली. या संस्थेतील शास्त्रज्ञ डॉ. गफूरुन्निसा यांनी भारतीय आहारातील स्निग्ध पदार्थांचा दीर्घकाळ अभ्यास केला. आपण ओततो ते तेल म्हणजे दृश्य चरबी. धान्य, डाळी, दूध यांत दडलेली ती अदृश्य चरबी. भारतीय माणसाच्या आहाराचा हिशेब करताना ही दुसरी चरबीही मोजली पाहिजे, हा मुद्दा त्यांच्या लेखनात ठळकपणे येतो.

२००५ साली त्यांच्या गटाचे काही शोधनिबंध प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एका प्रयोगात साखर जास्त असलेल्या आहारावरील उंदरांना लिनोलिक आम्लाच्या काही भागाऐवजी अल्फा-लिनोलेनिक आम्ल देण्यात आले, तेव्हा त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला. दुसऱ्या प्रयोगात संपृक्त आणि ट्रान्स मेदाम्लांचा उंदरांच्या चरबीच्या ऊतीतील जनुकांवर होणारा परिणाम तपासला गेला. हे दोन्ही प्रकार नको असलेले म्हणून एकत्र गणले जातात, पण जनुकांवरील त्यांचा परिणाम एकसारखा नाही, असे त्यात दिसून आले.

ट्रान्स मेदाम्ले मुख्यतः वनस्पती तुपातून येत. द्रव तेलात हायड्रोजन सोडून ते अर्धवट घट्ट करताना ती तयार होतात. १९३७ पासून 'डालडा' या नावाने हे तूप घराघरांत पोहोचले आणि लग्नकार्याच्या स्वयंपाकात अनेक दशके टिकले. भारतात तेले व स्निग्ध पदार्थांतील ट्रान्स मेदाम्लांची मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरवत आणली गेली आणि जानेवारी २०२२ पासून ती २ टक्के करण्यात आली. प्रयोगशाळेतील ज्ञान कायद्यात उतरल्याचे हे एक चांगले उदाहरण विद्यार्थ्यांसमोर ठेवता येईल.

पुण्याचा अभ्यास : एकच तेल, वेगवेगळी शरीरे

आतापर्यंत तेलाचा प्रकार बदलला की अभिव्यक्ती बदलते, हे पाहिले. पण एकच तेल सर्वांच्या यकृताला सारखाच संदेश देते का? या प्रश्नाचा विचार करताना पुणे शहराचे नाव जागतिक संशोधनात येते.

वनस्पतींच्या तेलातील लिनोलिक व अल्फा-लिनोलेनिक ही आम्ले लहान साखळीची असतात. मेंदू, रक्तवाहिन्या आणि रोगप्रतिकार यांसाठी लागणारी लांब साखळीची मेदाम्ले त्यांच्यापासून तयार करावी लागतात. लिनोलिकपासून ॲराकिडॉनिक आम्ल बनते, अल्फा-लिनोलेनिकपासून ईपीए व डीएचए. हे काम मुख्यतः यकृतात एफएडीएस-१ आणि एफएडीएस-२ या जनुकांपासून बनणारी विकरे करतात. मांस, अंडी, मासे खाणाऱ्याला ही आम्ले काही प्रमाणात तयार मिळतात. पूर्ण शाकाहारी व्यक्तीला जवळजवळ सर्व घरीच, म्हणजे शरीरातच, बनवावी लागतात. दोन्ही गटांची लहान आम्ले या एकाच विकरासाठी स्पर्धा करतात, ही बाबही महत्त्वाची आहे.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे टॉम ब्रेना, कुमार कोठापल्ली आदी संशोधक आणि पुण्याच्या सिंहगड अभियांत्रिकी महाविद्यालयातील जैवतंत्रज्ञान विभागाच्या कल्पना जोशी यांनी एकत्र येऊन केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. एफएडीएस-२ जनुकात २२ अक्षरांचा एक छोटा तुकडा काहींमध्ये असतो आणि काहींमध्ये नसतो. हा तुकडा विकराच्या रचनेत बदल करत नाही. तो जनुकाच्या नियंत्रणाच्या भागात, एसआरईबीपी येऊन बसतो त्या जागेच्या शेजारी आहे. म्हणून त्याचा संबंध अभिव्यक्तीशी येतो. पुण्यातील मुख्यतः शाकाहारी अशा २३४ व्यक्ती आणि ३११ अमेरिकी व्यक्ती तपासण्यात आल्या. आई व वडील या दोघांकडूनही हा तुकडा मिळालेल्यांचे प्रमाण पुण्याच्या गटात ६८ टक्के, तर अमेरिकी गटात १८ टक्के निघाले. तुकडा असलेल्या व्यक्तींमध्ये ॲराकिडॉनिक आम्ल बनवण्याची क्षमता अधिक असल्याचे रक्ताच्या तपासणीवरून दिसले. याउलट, पिढ्यान्पिढ्या समुद्रातील मासे व प्राणी खाऊन जगणाऱ्या ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांत तुकडा नसलेला प्रकार अधिक आढळतो.

ज्या समाजांत अनेक पिढ्या आहार प्रामुख्याने वनस्पतिजन्य होता, तेथे हा तुकडा असणाऱ्यांचा निभाव अधिक चांगला लागला असावा, असा याचा अर्थ लावला जातो. त्या वेळी वृत्तपत्रांनी मात्र 'शाकाहाराने डीएनए बदलतो आणि कर्करोग होतो' अशा धर्तीचे मथळे दिले. हा मथळा दोन ठिकाणी चुकतो. एक म्हणजे, कोणाही व्यक्तीचा डीएनए त्याच्या जेवणाने बदललेला नाही. हजारो वर्षांत समाजातील एका प्रकाराचे प्रमाण वाढले, एवढेच. दुसरे म्हणजे, या अभ्यासात कोणाचा आजार मोजलेला नव्हता. संशोधकांनी एक शक्यता तेवढी सुचवली होती. कमी तेलाच्या काळात उपयोगी पडलेली ही क्षमता, लिनोलिक आम्लाने भरलेली तेले मुबलक झाल्यावर ओमेगा-६ व ओमेगा-३ यांचा समतोल बिघडवू शकते. लिनोलिक वाढवले की ॲराकिडॉनिक त्याच प्रमाणात वाढतेच, असेही नाही. म्हणून या अभ्यासावरून सोयाबीन वा करडईचे तेल विषारी ठरवणे योग्य होणार नाही. एकच सल्ला सर्वांना लागू पडत नाही, एवढे मात्र त्यातून निश्चित कळते.

पुण्याच्याच केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण येथे आठवते. त्यांचे व लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होती. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी लपलेली असू शकते. म्हणून 'तो तर सडपातळ आहे, त्याला काय होते' हे म्हणणे धोक्याचे ठरते.

बेल्याच्या स्वयंपाकघरात याचा अर्थ

या सर्व माहितीतून सामान्य कुटुंबाने काय घ्यावे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरींच्या आहारासाठी दृश्य तेल-तुपाचे प्रमाण रोज २७ ग्रॅम धरले आहे. पाच प्रौढ माणसांच्या घरात हा हिशेब दिवसाला १३५ ग्रॅम आणि महिन्याला सुमारे ४ किलो होतो. घरात महिन्याला किती पिशव्या संपतात हे मोजले की आपण कोठे आहोत ते लगेच कळते. हा हिशेब विद्यार्थ्यांना घरी करायला सांगण्यासारखा आहे.

दुसरी गोष्ट, तेल एकच एक न ठेवता पालटून वापरावे. सरकीच्या तेलात ओमेगा-३ जवळजवळ नसते आणि पामिटिक आम्ल वीस टक्क्यांहून अधिक असते. सोयाबीनच्या तेलात ओमेगा-३ थोडे मिळते. शेंगदाण्याचे तेल ओलिक आम्ल देते. वनस्पती तूप व वारंवार तापवलेले तळणीचे तेल टाळावे. घरचे तूप वर्ज्य नाही, पण ते प्रमाणात असावे.

तिसरी गोष्ट जवसाची. मराठीत जवस, उर्दूत अलसी, तेलुगूत अविसे या नावांनी हे बी या भागातील सर्वांना माहीत आहे. ते विदर्भातील जुने रब्बी पीक आहे. भाजलेल्या जवसाची, लसूण व तिखट घातलेली चटणी भाकरीबरोबर खाण्याची पद्धतही जुनी आहे. वनस्पतिजन्य ओमेगा-३ चा हा सर्वांत स्वस्त स्रोत होय. जवसाचे तेल उष्णतेने लवकर खराब होते, म्हणून त्यात तळण्यापेक्षा चटणीच्या रूपाने जवस खाणे सोयीचे. सगळ्यांना परवडणारी ही चटणी ताटातून जात असेल आणि तिच्या जागी पाकिटातील तळलेले पदार्थ येत असतील, तर तो केवळ चवीतला बदल नाही, हे आता स्पष्ट व्हावे.

चौथी गोष्ट, तेलाकडे एकटे पाहू नये. चरबी बनवण्याचा आदेश यकृताला साखर आणि इन्सुलिन देतात. गोड चहा, शीतपेये आणि भाताचा ढीग तसाच ठेवून केवळ तेलाचा प्रकार बदलल्याने फारसे साधणार नाही. त्याचप्रमाणे शेतात दिवसभर राबणाऱ्या माणसाचे आणि खुर्चीत बसून काम करणाऱ्याचे ताट एकसारखे असण्याचे कारण नाही. अध्यापकवर्ग बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडतो.

दारू न पिणाऱ्यांच्याही यकृतात चरबी साचते, हे आजही अनेकांना पटत नाही. असा रुग्ण घरात लपवाछपवीचा आणि बाहेर संशयाचा विषय होतो. केंद्र सरकारने २०२१ साली मद्याशी संबंध नसलेल्या या यकृतविकाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. २०२३ मध्ये वैद्यकीय संस्थांनी त्याचे नावही बदलले. नव्या नावात मद्याचा उल्लेख नाही, चयापचयातील बिघाडाचा आहे. रुग्णावर नाहक ठपका येऊ नये, हा त्यामागील एक हेतू होता.

समारोप

आहारातील मेदाम्ले यकृताच्या पेशीत शिरून ग्राही व नियंत्रक प्रथिनांमार्फत जनुकांची अभिव्यक्ती बदलतात. बहु-असंपृक्त मेदाम्ले चरबी जाळणाऱ्या विकरांना चालना देतात आणि चरबी बनवणाऱ्या विकरांना आवर घालतात. संपृक्त मेदाम्लांचा कल याच्या उलट असतो. हा परिणाम व्यक्तीच्या वारशानुसार कमी-अधिक होतो, हे पुण्याच्या अभ्यासाने दाखवले.

मधुमेही वडिलांचा मुलगा वर्गात 'हे आमच्या रक्तातच आहे, काय करणार' असे म्हणतो, तेव्हा त्याला देण्यासारखे उत्तर आता अध्यापकाजवळ आहे. रक्तात जे आले ते बदलता येत नाही. त्यातले किती वाचले जाईल, हे मात्र रोजच्या ताटावर आणि श्रमावरही अवलंबून असते. जनुकाला नशीब समजून हातावर हात ठेवून बसणारी पिढी घडू नये, एवढे काम तरी महाविद्यालयातील कोणत्याही विषयाच्या अध्यापकाला करता येण्यासारखे आहे.